आदिशक्तीत शिकवणारी माणसं

पुदुच्चेरीजवळच्या 'आदिशक्ती' या नाट्यसंस्थेत अभिनय शिबिराला जाऊन आले तेव्हापासून आमच्या सांगलीच्या ग्रुपमधली पोरं एकच विचारतायत, "ताई, तिथं शिकवतात काय?" मला वाटतं, शिकवतं कोण ते आधी सांगायला हवं. श्वास, आवाज, शरीर, लय हे शब्द आजकाल कुठल्याही अभिनय शिबिराच्या पत्रकावर सापडतात. फोटोही सारखेच असतात, काळे टी-शर्ट घालून गोलात बसलेली मुलं. फरक पडतो तो समोर उभं राहून शिकवणाऱ्या माणसांमुळे. आणि त्या बाबतीत आदिशक्तीच्या तोडीची जागा माझ्या तरी पाहण्यात नाही.

मी दिवसा पतसंस्थेत नोकरी करते, संध्याकाळी तालमीला जाते. राज्य नाट्य स्पर्धा, एकांकिका स्पर्धा, अधूनमधून एखादं प्रायोगिक. शिबिरंही पुष्कळ केली. तेव्हा हे लिहिते आहे ते हौशी नटीच्या नजरेतून, समीक्षकाच्या नव्हे.

आदिशक्तीची स्थापना वीणापाणी चावला यांनी १९८१ मध्ये केली, तीही मुंबईत. १९९३ मध्ये संस्था पुदुच्चेरीला गेली आणि पुढं ऑरोविलच्या शेजारी, तमिळनाडूच्या हद्दीत, एडयनचावडी रस्त्यावर तिचं स्वतःचं आवार उभं राहिलं. वीणापाणीताई ३० नोव्हेंबर २०१४ ला गेल्या. मला त्यांच्या हाताखाली शिकायला मिळालं नाही याची रुखरुख आहे. पण त्यांनी घडवलेले नटच आज तिथं शिकवतात. विनय कुमार कलादिग्दर्शक आहेत. अज्ञातवासातल्या अर्जुनावरचं 'बृहन्नला' हे वीणापाणीताईंनी लिहून बसवलेलं एकपात्री नाटक त्यांनी केलं. निम्मी राफेल केरळ कलामंडलममधून कुचिपुडी आणि मोहिनीअट्टम शिकून आल्या, आणि आता लिहितात, दिग्दर्शन करतात, भूमिकाही करतात. अरविंद राणे, सुरेश कलियथ हे जुन्या संचातले नट. ही सगळी एकाच आवारात वर्षानुवर्षं एकत्र तालमी करणारी माणसं आहेत.

हे मुद्दाम सांगते, कारण आपल्याकडच्या शिबिरात सकाळी एक पाहुणा येतो तो रशियन नाट्यगुरू स्तानिस्लावस्कीची अभिनयपद्धत सांगतो, दुपारी दुसरा येतो तो म्हणतो ते सगळं विसरा, आणि संध्याकाळी तिसरा मालिकेतले किस्से सांगून जातो. शिकणाऱ्याच्या डोक्यात नुसता काला होतो. आदिशक्तीत सकाळी कलरी, म्हणजे केरळची युद्धकला, घेणाऱ्याला दुपारच्या श्वासाच्या तासात काय होणार आहे ते ठाऊक असतं. पायाच्या ज्या ठेवणीवर सकाळी मेहनत झाली, तीच दुपारी परत मागितली जाते. एकानं सांगितलेलं दुसरा खोडत नाही, पुढं नेतो. आणि जे शिकवतात ते त्यांच्या स्वतःच्या नाटकात रोज लागणारं असतं.

आता श्वास. शिबिराचं हेच हृदय आहे. केरळातल्या मंदिरांमध्ये टिकून राहिलेला संस्कृत नाटकांचा प्रयोगप्रकार म्हणजे कूडियाट्टम. युनेस्कोनं २००१ मध्ये त्याला मानवजातीचा अमूर्त वारसा म्हणून गौरवलं. त्यात एकेका श्लोकावर नट इतका वेळ थांबतो की आपल्याकडं तेवढ्यात एकांकिका होऊन पडदा पडेल. चेहऱ्यावरचा भाव तितका वेळ धरून ठेवायचा, तोही सतत जिवंत, तर त्याला आतून काहीतरी पुरवठा लागतो, आणि तो पुरवठा श्वासाचा. नऊ भावांसाठी श्वासाच्या नऊ चाली. कूडियाट्टमच्या थोर कलावंत उषा नंगियार यांच्याकडून आदिशक्तीच्या नटांनी या चाली घेतल्या, आणि रंगभूषा, मुद्रा, मुकुट बाजूला ठेवून आजच्या नाटकातल्या नटाला त्या कशा वापरता येतील यावर अनेक वर्षं काम केलं. शिबिरात आपल्या पदरात पडतं ते या कामाचं फळ.

प्रत्यक्षात काय होतं? रौद्राचा तास घ्या. राग दाखवा म्हटलं की आपला आवाज चढतो, बोट उगारलं जातं, भुवया आक्रसतात. तिथं आवाज बंद आणि हातही बंद. मांडी घालून ताठ बसायचं आणि फक्त श्वास. तो कुठून उचलायचा, कुठं अडवायचा, सोडताना किती जोर, पुढचा कधी घ्यायचा. शिकवणारे आपल्या चेहऱ्याकडं बघतच नाहीत. बघतात ते बरगड्यांकडं, पोटाकडं, कण्याच्या खालच्या टोकाकडं. श्वासाची चाल बसली की काही वेळानं नाकपुड्या आपोआप फुलतात, डोळे रुंदावतात, आणि कुणाचाही, कशाचाही राग आलेला नसताना कानशिलं तापतात. मग तो श्वास सोडून साधा श्वास घ्यायचा आणि राग ओसरेपर्यंत थांबायचं. हे थांबणंही शिकवतात, आणि तितक्याच काटेकोरपणे. भाव अंगात शिल्लक ठेवून वर्गाबाहेर जाऊ देत नाहीत.

या शेवटच्या गोष्टीला माझ्या लेखी फार मोल आहे. का, ते सांगते. काही वर्षांपूर्वी मोठ्या शहरातल्या एका शिबिराला गेले होते. तिथं करुण प्रसंगाच्या नावाखाली एका मुलीला तिच्या घरातल्या गोष्टी सगळ्यांसमोर बोलायला लावल्या. पोरगी हुंदके देऊन रडली. तिला म्हणाले, हे मोकळं होणं, हाच खरा अभिनय. दुसऱ्या दिवशी ती आलीच नाही. मी तेव्हा काही बोलले नाही, पण ते मनात सलत राहिलं. आदिशक्तीत कुणी कुणाला खासगी आयुष्यातलं एक अक्षर विचारलं नाही. दुःख दाखवायला तुमचं दुःख लागतच नाही, फुप्फुसं लागतात, अशा ठाम पायावर ती माणसं उभी आहेत. अठरा-एकोणीस वर्षांच्या पोरापोरींना शिकवताना शिक्षकाकडं याहून मोठी जबाबदारी दुसरी नसते, असं माझं मत आहे.

आणि हे नुसतं सोज्वळपणाचं नाही, कामाचंही आहे. आम्ही एक एकांकिका करायचो, त्यात मुलाची वाट बघणाऱ्या आईचं स्वगत माझ्याकडं होतं. ते करताना मी माझ्या वडिलांच्या शेवटच्या दिवसांची आठवण काढायचे. प्राथमिक फेरीत डोळे भरून आले. अंतिम फेरीत आले, पण ओढूनताणून. पुढं गावोगावच्या प्रयोगांना ती आठवणच झिजली, आणि मला स्वतःचीच लाज वाटायला लागली की वडिलांना आपण कुठं वापरतोय.

तेच स्वगत मी तिथं मराठीतच म्हणून दाखवलं. वर्ग घेणाऱ्यांना मराठी येत नव्हतं. त्यांनी पूर्ण ऐकून घेतलं आणि पुन्हा म्हणायला सांगितलं, पण या वेळी शब्द काढून, फक्त श्वास ठेवून. विचित्र वाटलं, पण केलं. मधे एका जागी त्यांनी थांबवलं आणि माझ्या उजव्या खांद्यावर दोन बोटं टेकवली. परत तीच जागा, बोटं तशीच. तेव्हा मला कळलं की 'पोरा' या शब्दाच्या ऐन आधी मी श्वास वर खेचते आणि खांदा उचलते. म्हणजे दुःख यायच्या आधीच मी दुःखाची तयारी करत होते, आणि प्रेक्षकाला ती दिसत असणार. मग त्यांनी करुणाच्या श्वासाची चाल लावून घेतली. बाहेर जाणारा श्वास लांब, जवळजवळ रिकामं होईपर्यंत, आणि शब्द त्या उरलेल्या श्वासावर. 'पोरा' म्हणताना आवाज एकदम खाली आला आणि मधोमध तुटला. मी तोडला नव्हता. समोर बसलेल्या मुलांमध्ये मणिपूरची एक होती, तिला मराठीचा गंध नाही, ती मान खाली घालून बसली होती.

भाषा न कळणारा माणूस तुमच्या भाषेतल्या शब्दावर नेमकं बोट ठेवतो, ही साधी गोष्ट नाही. ती नजर पुस्तकं वाचून येत नाही.

लयीचा तासही असाच. मिळावु नावाचं वाद्य तिथं जवळून बघायला मिळतं. तांब्याचा मोठा घट, तोंडावर कातडं ताणलेलं, लाकडी चौकटीत बसवलेला, दोन्ही हातांनी वाजवतात. कूडियाट्टममध्ये नटाच्या बरोबरीनं तो बोलतो. आदिशक्तीनं तो नाटकात आणला, 'गणपती' या त्यांच्या नाटकाची तर सगळी उभारणीच वादनावर आहे. शिबिरार्थींना लगेच मिळावुला हात लावू देत नाहीत. आधी पायांनी आठ मात्रांचं आवर्तन धरायचं, हातांनी टाळी, मग तोंडानं बोल, आणि हे तिन्ही सुरू असताना त्यावर नाटकातलं वाक्य. पाय चुकला की वाक्य घसरतं, वाक्याकडं लक्ष दिलं की पाय विसरतो. मग एकच वाक्य दुप्पट लयीत, निम्म्या लयीत. शब्द तेच, पण माणूस बदलतो. निम्म्या लयीत धमकी वाटलेलं वाक्य दुप्पट लयीत चक्क घाबरलेल्या माणसाचं झालं. ढोलकीवर वाढलेल्या आपल्या लोकांना हे पटकन जमतं, असा माझा अनुभव. तमाशातल्या सोंगाड्याचं सगळं टायमिंग याच हिशेबावर चालतं, फक्त आपण कधी ते असं उलगडून शिकवत नाही.

सकाळची कलरी पहिले काही दिवस अंग मोडून काढते. हत्ती, घोडा, सिंह अशा प्राण्यांच्या नावाच्या ठेवणी आहेत, त्यांना वडिवु म्हणतात. त्यात मांड्या पेटतात. गुडघ्याचं दुखणं असलेल्यांनी आधी सांगावं, तिथं जबरदस्ती नाही. आवाजाच्या तासाबद्दल थोडक्यात: वीणापाणीताईंनी इंग्लंडात पॅट्सी रॉडेनबर्ग यांच्याकडं आवाजाचं शिक्षण घेतलं होतं, आणि ती शिस्त अजून जाणवते. डोळ्यांचे व्यायाम मात्र मला नवीन होते. वर, खाली, तिरपे, गोल, संथ, जलद, पापणी न लवता. चार दिवसांत लक्षात आलं की आपण रंगमंचावर डोळे जवळजवळ वापरतच नाही, मान वापरतो.

आमच्या ग्रुपमधला एक ज्येष्ठ मित्र म्हणाला, हे सगळं दक्षिणेतलं, पुराणकथांचं, आपल्या नाटकाला काय करायचंय? सांगलीच्या माणसानं तरी हे म्हणू नये. १८४२ मध्ये कर्नाटकातली भागवत मंडळी सांगलीत खेळ करायला आली. ते खेळ बघून सांगलीचे संस्थानिक चिंतामणराव पटवर्धनांनी विष्णुदास भाव्यांना मराठीत तसं काही करायला सांगितलं आणि १८४३ मध्ये 'सीतास्वयंवर' झालं. आपल्या नाटकाची नाळ तिथली आहे. त्या नाटकात सूत्रधार पदं म्हणायचा, राक्षस आरोळ्या ठोकत उड्या मारायचे. पुढं शिकल्यासवरल्या लोकांनी त्यांना 'अलल्लडुर्र' नाटकं म्हणून नावं ठेवली. हळूहळू आपला नट खुर्चीवर बसून बोलायला लागला. मराठीत शरीराचं नाटक झालंच नाही असं मी म्हणणार नाही, 'घाशीराम कोतवाल'मधली ब्राह्मणांची रांग कोण विसरेल? दशावतारी तर अजून रात्र रात्र जागवतात. पण तालमीच्या पहिल्या दिवशी आपण आजही संहितेच्या झेरॉक्स वाटतो आणि वाचनाला बसतो. नटाचं अंग आठवतं ते ब्लॉकिंगच्या, म्हणजे रंगमंचावरच्या हालचाली बसवण्याच्या वेळी. आदिशक्तीतल्या शिक्षकांनी मला हा क्रम उलटा करून दाखवला.

आता जे कमी वाटलं ते. शिबिर निवासी असतं आणि दहा दिवसांच्या आसपास चालतं. नऊ भावांच्या श्वासाला हा वेळ फार तोकडा आहे. शृंगार आणि अद्भुत माझ्या अंगात मुरलेच नाहीत, ओळख झाली एवढंच. ज्याला संहितेवर काम करायचं आहे, पात्राचा अभ्यास, प्रसंगाची बांधणी, संवादाचे अर्थ, त्याची भूक इथं भागणार नाही. शिक्षकांचा तो दावाही नाही. दुसरं, वर्ग मुख्यतः इंग्रजीत होतात. आपल्या तालुक्याच्या गावांतली मुलं इथंच कचरतात. त्यांना सांगते, वर्गात बोलणं कमी आणि करून दाखवणं जास्त असतं. संध्याकाळच्या चर्चेत मात्र इंग्रजी कानावरून जातं आणि महत्त्वाचं काही निसटतं, ते शेजारच्याला विचारून घ्यावं लागतं. मोडकंतोडकं हिंदी बोललं तरी कुणी हसत नाही.

ज्यांना मालिकेच्या ऑडिशनसाठी झटपट काही हवंय त्यांनी तिकडं जाऊ नये. त्यांचाही वेळ जाईल आणि एक जागाही.

शिक्षकांच्या स्वभावाबद्दल पोरं हमखास विचारतात. कडक आहेत, वेळेच्या बाबतीत तर फारच. उशिरा आलेल्याला दारात उभं करून ओरडत नाहीत, पण वर्ग सुरू झालेला असतो आणि तुमच्यासाठी परत मागं येत नाही. कौतुक हात राखून. 'छान', 'मस्त' हे शब्द ऐकायला मिळत नाहीत. चांगलं झालं तर पुढचं अवघड काम मिळतं. जेवायला मात्र सगळ्यांच्या बरोबर बसतात, आणि तेव्हा हवं ते विचारावं. मी माझ्या शंका बहुतेक भाताच्या ताटावरच काढल्या.

परत आल्यावर आमच्या तालमीत मी काय बदललं? वाचनाआधी अर्धा तास पायांचं आवर्तन आणि टाळ्या. डोळ्यांचे व्यायाम. नऊ श्वास मात्र मी पोरांना शिकवत नाही. चाल चुकली तर चक्कर येते, छातीत धडधडतं, आणि शेजारी जाणता माणूस नसेल तर भाव ओसरवायचा कसा हे कळत नाही. थोडं शिकून आलेल्यानं ते वाटायला बसू नये. मी फक्त एवढं करते की रडायचा प्रसंग आला की मुलीला म्हणते, आठवू नको काही, आधी सगळा श्वास सोड आणि मग वाक्य घे. तेवढ्यानंही खांदे खाली येतात.

जायचं असेल त्यांच्यासाठी: दादर–पुदुच्चेरी चालुक्य एक्सप्रेस मिरजेवरून जाते, पण रोज नसते, वार बघून तिकीट काढा. पुदुच्चेरीहून ऑरोविलकडं जाणारी रिक्षा मिळते, भाडं आधी ठरवा. प्रवेश अर्ज करून मिळतो, शिबिराच्या तारखा आणि शुल्क संस्थाच जाहीर करते. अर्जात का यायचंय ते खरं लिहा, मोठमोठे शब्द नकोत. दमा, रक्तदाब, जुनी दुखापत असं काही असेल तर अर्जातच सांगा. सुती कपडे जास्त न्या, घामानं दिवसाला तीन बदलावे लागतात. ज्यांना थेट शिबिर झेपेल की नाही अशी धास्ती आहे त्यांनी वीणापाणीताईंच्या स्मरणार्थ तिथं नाट्यमहोत्सव होतो तो गाठावा. शिकवणारी माणसं रंगमंचावर काय करतात ते आधी बघून घ्या आणि मग ठरवा.

पुढच्या शिबिरासाठी आमच्या ग्रुपमधल्या दोघी अर्ज करणार आहेत. एकीच्या वडिलांना समजवायला मी या रविवारी तासगावला जाते आहे, आणि दोघींनाही आत्तापासून रोज सकाळी सूर्यनमस्कार सुरू करायला सांगितलंय, म्हणजे कलरीत पहिल्याच दिवशी मांड्या धरणार नाहीत.